'बॉयकॉट' : एका क्रियापदाची दिशा

आपल्या चळवळीत शब्दांवर पुष्कळ वाद झाले. 'अस्पृश्य', 'हरिजन', 'दलित', 'बौद्ध' या शब्दांमागचे हितसंबंध उकलून दाखवणारे लेखन भरपूर झाले आणि ते आवश्यकही होते. परंतु हे सारे वाद नामांचे आणि विशेषणांचे आहेत. माणसाला काय म्हणावे, एवढ्यापुरते ते मर्यादित राहिले. त्या माणसाचे नेमके काय केले गेले हे क्रियापद सांगते आणि क्रियापदांकडे आपल्या समीक्षेचे लक्ष अजून गेलेले नाही. मी महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो. माझ्या घरात इंग्रजी वाचणारा मी पहिलाच, त्यामुळे ती भाषा मला वारशाने मिळालेली नाही. तिचा एकेक शब्द तपासून घ्यावा लागला. तपासताना जो शब्द मला सर्वांत जास्त अडवत राहिला तो 'बॉयकॉट' हे क्रियापद होय. विद्यार्थी सहज विचारतात, 'सर, बॉयकॉट म्हणजे बहिष्कारच ना?' शब्दकोश म्हणतो, होय. माझे म्हणणे असे आहे की, या 'होय'मध्ये शंभर वर्षांची एक फसगत दडलेली आहे आणि तिची किंमत आपल्या वस्त्यांनी मोजलेली आहे.

प्रथम या शब्दाचा जन्म पाहू. बहुतेक क्रियापदांचा जन्म काळाच्या अंधारात हरवलेला असतो. याचा मात्र महिनाही सांगता येतो. १८८० सालच्या शरद ऋतूत, आयर्लंडच्या पश्चिमेकडील मेयो परगण्यात हा शब्द जन्मला. १८७९ सालचे पीक बुडाले होते. बटाट्यावर जगणाऱ्या कुळांना खंड देणे अशक्य झाले होते. जमिनी बहुतांशी मोठ्या जमीनदारांच्या होत्या आणि ते बहुधा दूर राहत. त्याच वर्षी मायकेल डॅव्हिट यांच्या पुढाकाराने 'लँड लीग' ही कुळांची संघटना उभी राहिली आणि चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल तिचे अध्यक्ष झाले. १९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस या गावच्या सभेत पार्नेल यांनी एक प्रश्न टाकला. शेजाऱ्याला हुसकावून लावलेले शेत जो कूळ स्वतः घेतो, त्याचे काय करायचे? गर्दीतून आवाज आला की, त्याला ठार करा. पार्नेल म्हणाले, याहून चांगला, अधिक ख्रिस्ती मार्ग आहे. रस्त्यात, दुकानात, बाजारात, जत्रेत, फार काय प्रार्थनास्थळातसुद्धा त्याच्याशी संबंध ठेवू नका. पूर्वीच्या काळी महारोग्याला जसे एकटे पाडीत तसे त्याला एकटे पाडा.

या भाषणातील महारोग्याच्या उपमेकडे मी पुढे येणारच आहे. तूर्त एवढेच लक्षात घ्यावे की, पार्नेल यांनी सुचवलेल्या शिक्षेचे पहिले लक्ष्य जमीनदार नव्हता. आपल्याच वर्गातला, पण आपल्या वर्गाशी बेइमानी करणारा कूळ हे ते लक्ष्य होते.

त्यानंतर तीनच दिवसांनी लॉक मास्क सरोवराकाठच्या एका इस्टेटीवर ठिणगी पडली. इस्टेट लॉर्ड अर्न यांची होती आणि तिचा कारभार पाहणारा एजंट होता कॅप्टन चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट. हा इंग्लंडातील नॉरफोक परगण्यात १८३२ साली जन्मलेला माजी लष्करी अधिकारी होता. कुळांनी खंडात शेकडा २५ सूट मागितली होती आणि लॉर्ड शेकडा १० च्या पुढे जायला तयार नव्हता. थकबाकीदारांना काढून लावण्याच्या नोटिसा घेऊन बेलिफ आला. काही नोटिसा बजावून होतात न होतात तोच गावच्या बायकांनी चिखल, शेण आणि दगड यांचा मारा करून त्याला पिटाळून लावले. मग बॉयकॉटच्या घरचे नोकर निघून गेले. शेतमजूर आले नाहीत. बॅलिनरोबच्या दुकानदारांनी माल देणे बंद केले. टपाल पोचवणाऱ्या पोराला धमकावले गेले. बॉयकॉटने लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहून आपली व्यथा मांडली आणि हा एका खेड्यातला तंटा साम्राज्याचा प्रश्न बनला. उत्तरेकडून, कॅव्हन आणि मोनॅहन या परगण्यांतून सुमारे ५० प्रॉटेस्टंट स्वयंसेवक त्याचे बटाटे आणि सलगम काढायला आले. त्यांच्या रक्षणासाठी हजाराच्या आसपास सैनिक व पोलीस तैनात झाले. त्या काळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ५०० पौंडांचे पीक काढण्यासाठी १०,००० पौंड खर्च पडला. २७ नोव्हेंबर रोजी बॉयकॉट कुटुंबासह निघाला तेव्हा त्याला बग्गी हाकायला माणूस मिळाला नाही. लष्कराच्या रुग्णगाडीतून त्याला जावे लागले.

शब्द घडला तो याच धामधुमीत. जेम्स रेडपाथ नावाचे अमेरिकन पत्रकार तेथे आले होते. हे गृहस्थ काळ्यांच्या गुलामगिरीविरुद्ध लढलेले. गुलामगिरीविरुद्ध सशस्त्र उठाव करून फासावर गेलेल्या जॉन ब्राउनचे चरित्र त्यांनी १८६० साली लिहिले होते. तेथील पाद्री फादर जॉन ओ'मॅली यांच्याशी त्यांचे बोलणे झाले. रेडपाथ यांनी पुढे लिहून ठेवलेल्या हकिकतीप्रमाणे त्यांची अडचण अशी होती: हुसकावलेल्याचे शेत बळकावणाऱ्या कुळाला वाळीत टाकले तर त्याला 'सामाजिक बहिष्करण' म्हणता येते, पण तीच गोष्ट जमीनदाराच्या किंवा त्याच्या एजंटाच्या बाबतीत झाली तर तिच्यासाठी वेगळा शब्द हवा. जो ग्रीक वळणाचा शब्द पंडितांजवळ होता तो शेतकऱ्यांना कळला नसता. फादर क्षणभर विचार करून म्हणाले, 'त्याला बॉयकॉट करणे' असे म्हटले तर?

ही हकिकत सर्वत्र गमतीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात गंमत दिसत नाही. मला तिच्यात एक फार मोठी भाषिक जाणीव दिसते. खालच्याने वरच्याविरुद्ध केलेली कृती आणि बरोबरीच्यांनी आपल्यातल्याविरुद्ध केलेली कृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना एक नाव पुरणार नाही, हे गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या त्या माणसाला कळले होते. म्हणजे 'बॉयकॉट' हा शब्द जन्मला तोच मुळी दिशा दाखवण्यासाठी जन्मला. त्याचे टोक वर होते.

कृती अर्थातच शब्दापेक्षा जुनी आहे. गुलामांच्या घामाने पिकलेली वेस्ट इंडीजची साखर खाऊ नये म्हणून १७९१ साली इंग्लंडात मोठी मोहीम झाली आणि तीन लाख लोकांनी साखर सोडली असा थॉमस क्लार्कसन यांचा अंदाज होता. पण ती मंडळी स्वतःबद्दल बोलत होती. आम्ही वर्ज्य करतो, आम्ही खाणार नाही, अशी त्यांची भाषा होती. नव्या क्रियापदाला मात्र कर्म लागते. कोणाला तरी बॉयकॉट करावे लागते.

व्याकरणाचीच आणखी एक बाब येथे पाहण्यासारखी आहे. माणसाच्या नावावरून इंग्रजीत जी क्रियापदे झाली त्यांत नाव बहुधा कर्त्याचे असते. 'लिंच' या क्रियापदात शिक्षा देणाऱ्याचे नाव आहे. पुस्तकांतील नको ती वाक्ये छाटणाऱ्या बाउडलर साहेबांच्या नावावरून झालेल्या क्रियापदात छाटणाऱ्याचे नाव आहे. 'बॉयकॉट'मध्ये मात्र ज्याच्यावर कृती झाली त्याचे नाव राहिले. कर्ते कोण होते? त्या शेण फेकणाऱ्या बायका, ते नोकर, ते मजूर, ते दुकानदार. त्यांची नावे शब्दात कुठेच नाहीत. त्यांच्या लढ्याने घडलेला शब्द त्यांच्या शत्रूचे नाव वागवत जगभर गेला. आणि कर्ता एकदा शब्दातून नाहीसा झाला की ते रिकामे स्थान कोणीही बळकावू शकतो.

पुढे झाले ते असेच. शब्दाच्या सुरुवातीचे मोठे अक्षर लवकरच गळाले आणि विशेषनामाचे सामान्य क्रियापद झाले. फ्रेंच, जर्मन, डच, रशियन, पोलिश, जपानी अशा अनेक भाषांनी ते उचलले. १९०५ साली चिनी व्यापाऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी अमेरिकेतील चिनीद्वेष्ट्या कायद्यांच्या निषेधार्थ अमेरिकन माल नाकारला, तेव्हाही शब्दाचे टोक वरच होते. पण त्याच सुमारास खुद्द आयर्लंडमध्ये ते खाली वळले होते. १९०४ सालच्या जानेवारीत लिमरिक शहरात फादर जॉन क्रे या पाद्र्याने ज्यूंविरुद्ध प्रवचने केली आणि तेथील मूठभर ज्यू कुटुंबांशी व्यवहार तोडण्याचे आवाहन केले. फेरीवाले आणि छोटे दुकानदार असलेले हे लोक. अनेकांना शहर सोडावे लागले. शब्द तोच, बेट तेच, आणि पाद्रीही तोच पेशा करणारा. मध्ये गेली अवघी चोवीस वर्षे. लँड लीगचे संस्थापक मायकेल डॅव्हिट यांनी याचा जाहीर धिक्कार केला, ते स्वतः लिमरिकला गेले. आपले हत्यार कोणाच्या हातात पडले आणि कोणावर चालले हे त्यांना दिसत होते. पुढे १ एप्रिल १९३३ रोजी जर्मनीत नाझींनी ज्यूंच्या दुकानांसमोर पहारे बसवले, तेव्हाही त्यांनी याच शब्दाचे जर्मन रूप वापरले. सत्ताधाऱ्याने अल्पसंख्याकाची नाकेबंदी करायची आणि तिला पीडितांच्या लढ्याचे नाव द्यायचे, ही युक्ती या शब्दामुळे सोपी झाली.

आता हा शब्द मराठीत कसा आला ते पाहू. १९०५ साली बंगालची फाळणी झाली. ७ ऑगस्ट रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये ब्रिटिश मालाच्या बॉयकॉटचा ठराव झाला. पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री टिळकांच्या राजकारणाचा गाभा बनली. 'बॉयकॉट'चे मराठी 'बहिष्कार' असे रूढ झाले. वृत्तपत्रांना, वक्त्यांना हा शब्द आयताच सापडला, कारण तो मराठीत आधीपासून होता. प्रश्न असा की, कोठे होता? तो धर्मशास्त्रात होता, जातपंचायतीत होता, शंकराचार्यांच्या आज्ञापत्रात होता. ग्रामण्य करणे, जातीबाहेर टाकणे, वाळीत टाकणे या कुळातला तो शब्द. स्वतः टिळकांना त्याचा अनुभव होता. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्याबद्दल टिळक, रानडे आणि इतर अनेक प्रतिष्ठितांवर ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्तांचा घोळ झाला. म्हणजे जो शब्द जातीच्या तुरुंगाची किल्ली होता तोच आता स्वातंत्र्याचे हत्यार म्हणून मिरवू लागला. या भाषांतरात काही विसंगती आहे असे त्या काळच्या राष्ट्रीय पत्रकारितेला वाटलेले दिसत नाही. वाटणारही कसे? तिच्या वाचकांपैकी बहुतेकांनी हा शब्द एक तर उच्चारला होता किंवा काही दिवस भोगून प्रायश्चित्ताने धुऊन टाकला होता.

येथे ग्रामण्य आणि आपली स्थिती यांतला फरक ध्यानात घ्यायला हवा. ग्रामण्याला दार होते. प्रायश्चित्त घेतले, दक्षिणा दिली, पंक्तीला जेवण घातले की माणूस पुन्हा आत. ज्याला बाहेर टाकायचे तो आधी आत असावा लागतो. गावकुसाबाहेर जन्मलेल्याला कोणी बाहेर टाकलेच नव्हते, कारण त्याला कधी आत घेतलेच नव्हते. त्याच्यासाठी प्रायश्चित्ताची तरतूद धर्मशास्त्राने केली नाही. 'बहिष्कार' या शब्दाला १९०५ नंतर देशभक्तीचे तेज चढले, पण त्या तेजात हा कायमचा बहिष्कृत माणूस दिसेनासा झाला.

त्याला पुन्हा दिसायला लावले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. २० जुलै १९२४ रोजी 'बहिष्कृत हितकारिणी सभा' स्थापन झाली. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर लगेच, ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले. या नावांकडे आपण इतक्या वेळा पाहिले आहे की, त्यांतील व्याकरणाचा विद्रोह जाणवत नाही. राष्ट्रीय चळवळ 'बहिष्कार' म्हणत होती, म्हणजे कृतीचे नाव घेत होती. बाबासाहेबांनी त्याच धातूचे कर्मणी रूप घेतले: ज्याच्यावर ती कृती झाली तो. आणि त्याला 'भारत' या शब्दाचे विशेषण केले. तुम्ही विदेशी कापडावर बहिष्कार टाकता. तुम्ही ज्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या तो टाकला आहे असा एक देश तुमच्याच देशात आहे, हे दोन शब्दांत सांगून झाले. 'दलित' हेही असेच कर्मणी रूप आहे. आपली आत्मनामे कर्मणी आहेत ती दुबळेपणामुळे नव्हेत. 'बहिष्कृत' म्हटले की बहिष्कार टाकणारा कोण, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

माझ्या आजीला 'बहिष्कार' हा शब्द ठाऊक नव्हता. धर्मांतरानंतर आमच्या वस्तीने मेलेली जनावरे ओढायची बंद केली, त्याची हकिकत ती सांगे. 'गावानं आपलं बंद केलं व्हतं,' एवढेच ती म्हणे. काय बंद केले, असे विचारले की यादी सुरू होई. दुकानातले मीठ-मिरची बंद. गिरणीतले दळण बंद. खळ्यावरचे बलुते बंद. शेतावरची मजुरी बंद. गुरे चारायला पडीक बंद. बायकांना सरपण आणि बांधावरचे गवत बंद. आजोबा तीन कोसांवरच्या बाजारगावी जाऊन पीठ आणीत. हे किती दिवस चालले, असे विचारले तर ती दिवस सांगत नसे. 'दोन सुगी,' असे म्हणे. या यादीत आणि लॉक मास्कच्या यादीत दुकान आहे, मजूर आहेत, रस्ता आहे. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारख्या वाटतील. पण बॉयकॉटच्या घरात पीठ होते, बटाट्याचे शेत होते, त्याच्या पाठीशी 'टाइम्स' होता आणि घोडदळ होते. माझ्या आजीच्या पाठीशी तीन कोसांची वाट होती.

हा फरक सरकारी कागदावरही नोंदला गेलेला आहे. मुंबई सरकारने १९२८ साली अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीच्या चौकशीसाठी स्टार्ट समिती नेमली, बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० सालच्या तिच्या अहवालाचा आशय असा की, बहुसंख्य अस्पृश्य उपजीविकेसाठी सवर्ण शेतकऱ्यांवर अवलंबून आहेत. सार्वजनिक विहिरीवर गेले, चांगले कपडे घातले, दागिने वापरले, नवरदेवाला घोड्यावरून मिरवले, जमीन विकत घेतली, अशा क्षुल्लक कारणांवरून त्यांची पूर्ण नाकेबंदी केली जाते आणि त्यांना दडपण्याचे याहून परिणामकारक हत्यार नाही. गोलमेज परिषदेपुढे बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी जे निवेदन ठेवले त्यात हा अहवाल आधाराला घेतला आहे. त्यांचा युक्तिवाद आपल्या विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावा. उघड हिंसेपेक्षा हे हत्यार अधिक भयंकर, कारण ते कायदेशीर दिसते. कोणाशी व्यवहार करावा हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर, असे कराराच्या स्वातंत्र्याचे तत्त्व सांगते आणि त्याच्या आड ते सुरक्षित राहते.

येथे या शब्दाच्या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण वळण येते. त्या निवेदनात बहिष्काराला गुन्हा ठरवणारी जी कलमे सुचवली आहेत ती १९२२ च्या ब्रह्मदेशातील बहिष्कारविरोधी कायद्यातून घेतली आहेत, असे तेथे स्पष्ट नमूद आहे. तो कायदा ब्रिटिशांनी केला होता तो राष्ट्रवादी चळवळीच्या बहिष्काराला आळा घालण्यासाठी. म्हणजे आयर्लंडच्या कुळांचे हत्यार राष्ट्रवाद्यांच्या हाती गेले, त्याविरुद्ध साम्राज्याने ढाल बनवली आणि बाबासाहेबांनी ती ढाल उचलून गावकुसाबाहेरच्या माणसापुढे धरली. वरवर पाहणारा म्हणेल, हे तर साम्राज्याचा कायदा मागणे झाले. पण बाबासाहेबांना हत्याराच्या नावाचा मोह नव्हता. ते कोणाच्या हातात आहे आणि कोणाच्या पोटावर चालते एवढेच त्यांनी पाहिले.

हाच पेच पुढे अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांना पडला. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांना अटक झाली. ५ डिसेंबरपासून मॉन्टगोमेरीच्या काळ्या जनतेने शहराच्या बसगाड्या नाकारल्या आणि ३८१ दिवस पायपीट केली. पण त्याच काळात दक्षिणेत गोऱ्यांच्या 'सिटिझन्स कौन्सिल' या संघटना काळ्यांची नोकरी, उधारी आणि कर्ज तोडून त्यांना वठणीवर आणत होत्या. आपणही तेच तर करत नाही ना, असा प्रश्न किंग यांना पडला, असे त्यांनी १९५८ सालच्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे. विचारांती त्यांनी आपल्या कृतीला अन्यायी व्यवस्थेशी असहकार असे मानले आणि 'बॉयकॉट' हा शब्द शक्य तो टाळला. मुक्तीच्या एवढ्या मोठ्या लढ्याला ज्या नावाने जग ओळखते ते नाव त्याच्या नेत्याला पटलेले नव्हते, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत कधी सांगितले जात नाही.

मग हा शब्द टाकून द्यावा काय? मला तसे वाटत नाही. दलित पँथरने जानेवारी १९७४ मध्ये मध्य मुंबईच्या पोटनिवडणुकीवर बहिष्कार घातला. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीला जेरीस आणण्यात १९५९ पासूनच्या बहिष्कार चळवळीचा वाटा होता. २०१६ साली उना येथील मारहाणीनंतर गुजरातमधील दलितांनी मेलेली जनावरे उचलण्याचे नाकारले. दुबळ्याच्या हातात नकाराखेरीज दुसरे हत्यार क्वचितच असते. म्हणून शब्द जपून तीन प्रश्न विचारावेत. पहिला: ज्याच्यावर बहिष्कार घातला तो उद्या काय खाईल? बसकंपनीचा नफा बुडतो, मजुराची चूल विझते. दुसरा: त्याची सुटका कशात आहे? बॉयकॉटला खंड कमी करून घेता आला असता, कंपनीला भेदभाव सोडता आला असता. जेथे जन्म किंवा धर्म हाच गुन्हा असतो तेथे सोडण्यासारखे हाती काही नसते. तिसरा: मागणी कोणती? अन्याय सोड ही, की आपल्या जागी परत जा ही? आमच्या वस्तीने जनावरे ओढणे सोडले आणि गावाने मीठ-पीठ तोडले. दोघांनीही 'नकार'च दिला, असे म्हणणारे समाजशास्त्र मी वाचले आहे. या तीन प्रश्नांपुढे ते टिकत नाही. आणि गेल्या काही वर्षांत एका विशिष्ट धर्माच्या फेरीवाल्याकडून भाजी घेऊ नका, असे जे फतवे निघतात, त्यांनाही हेच प्रश्न लावावेत. ते आपल्याला उद्देशून नाहीत म्हणून गप्प बसण्याचा अधिकार 'बहिष्कृत भारत'च्या वारसांना नाही.

आता महारोग्याच्या उपमेकडे येतो. पार्नेल यांना शेतकऱ्यांसमोर शिक्षेचे चित्र उभे करायचे होते. त्यांनी ज्याचे चित्र घेतले त्या महारोग्याने कोणाचे शेत बळकावले नव्हते, कोणाला फसवले नव्हते. तो निरपराध होता आणि तरीही समाजाच्या स्मरणात तो शिक्षेचे मोजमाप म्हणून शिल्लक होता. इंग्रजीत बहिष्कृताला आणखी एक शब्द आहे, 'परिआ'. तो तमिळनाडूतील पराइयर या आपल्या बांधवांच्या जातिनामावरून गेला. 'पराइ' म्हणजे ढोल, आणि ढोल वाजवणारे ते पराइयर. आज कोणत्याही बदनाम देशाला किंवा पुढाऱ्याला वृत्तपत्रे बेधडक 'परिआ' म्हणतात. जमीनदाराचा एजंट दोन-तीन महिने एकटा पडला तर त्याच्या नावाचे क्रियापद झाले आणि त्याची गोष्ट शब्दकोशात आली. पुढे तो इंग्लंडात सफोक परगण्यात नोकरीला लागला आणि १८९७ साली वारला, हेही आपल्याला ठाऊक आहे. एका अख्ख्या समाजाचे नाव मात्र शिवी म्हणून वापरले जाते आणि त्या समाजाची गोष्ट कोणी विचारत नाही. न्याय्य लढ्याची भाषासुद्धा आधीच बाहेर टाकलेल्यांच्या पाठीवर उभी राहते. आपण आपल्या शत्रूला धमकावताना कोणाची उपमा वापरतो, हे आपणही तपासले पाहिजे.

कायद्यात हा शब्द आज पक्का बसला आहे. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्यात बहिष्काराची जी व्याख्या आली ती घर, जमीन, मजुरी, व्यवहार, रूढ सेवा यांची नावे घेते आणि गोलमेज परिषदेच्या निवेदनातील व्याख्येशी तिचे नाते स्पष्ट दिसते. हक्क बजावला म्हणून बहिष्कार, अशी दिशाही ती दाखवते. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा ठरला. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली वेगळा कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पण त्याचा वापर करायचा तर तक्रार लिहावी लागते आणि तेथे पुन्हा भाषेशी गाठ पडते. 'गावाने आमच्यावर बहिष्कार टाकला' एवढेच लिहिले तर 'गाव' नावाचा आरोपी कोणत्याही ठाण्यात हजर करता येत नाही. करार करणे न करणे ही ज्याची त्याची मर्जी, हे जुने उत्तर तयारच असते.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि माझ्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे आहे की, तक्रारीत मोठे क्रियापद लिहिण्याआधी लहान क्रियापदे लिहा. कोणत्या दुकानदाराने कोणत्या दिवशी काय दिले नाही. गिरणीवाल्याने दळणाचा डबा कोणासमोर परत केला. मजुरीला येऊ नका हा निरोप कोणी आणला, कोणाच्या ओसरीवर ठरला, दवंडी दिली असेल तर कोणी दिली. प्रत्येक क्रियापदाला कर्ता जोडा, कर्म जोडा, तारीख जोडा. १८८० साली 'बॉयकॉट' या शब्दाने कर्ते झाकले, ते कुळांच्या सोयीचे होते, कारण त्यांच्यामागे पोलीस लागले होते. आपल्याकडे कर्ते झाकणे ही गावाची सोय आहे. माझ्या आजीने सांगितलेली यादी तेव्हा कोणी कर्त्यांच्या नावानिशी लिहून ठेवली असती, तर १९५५ चा कायदा आमच्या वस्तीच्याही उपयोगी पडला असता.